छपाईची खळ: डिंकात बदल किती आणि कशासाठी

सुती चादरीवर छापलेलं फूल बोटांनी चाचपून पाहा. फुलापुरतंच कापड करकरीत लागत असेल आणि चार धुण्यांनंतरही तो कडकपणा जात नसेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा छपाईच्या पेस्टमध्ये सापडतं. रंग दाट व्हावा म्हणून त्यात घातलेला पदार्थ काम झाल्यावर धुऊन निघून जायला हवा होता. तो रंगाशीच बांधला गेला आणि कापडात अडकून बसला. कारखान्यात या पदार्थाला, म्हणजे खळीला, थिकनर म्हणतात, नाहीतर नुसतं ‘गम’. गवार, चिंचोका, टाकळा यांच्या बियांपासून तो भारतात भरपूर मिळतो, आणि त्यात रासायनिक बदल करून तो सुधारण्याचे प्रयत्न निदान सत्तर वर्षं चालू आहेत. या प्रयत्नांतून नेमकं काय हाती आलं आणि कुठे गाडं अडलं, हे एकदा नीट पाहायला हवं.

खळीकडून एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या अपेक्षा असतात. छापलेल्या जागेवरून रंग हलू नये इतकी ती दाट हवी, आणि स्क्रीनच्या बारीक जाळीतून सहज उतरेल इतकी पातळ हवी. वाफेत रंग धाग्यात शिरेपर्यंत ती टिकली पाहिजे आणि त्यानंतर पाण्याबरोबर पूर्ण निघून गेली पाहिजे. छपाईच्या टेबलापाशी उभं राहिलं की यातला पहिला भाग डोळ्यांना दिसतो. स्क्वीजी ओढण्यापूर्वी पेस्ट स्क्रीनच्या कडेला ढिगासारखी उभी असते. रबराच्या धारेखाली दाब आला की ती क्षणभर पातळ होते, जाळीतून खाली उतरते, आणि स्क्वीजी पुढे सरकताच कापडावर पुन्हा घट्ट होते. डिंकाच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात; ओढ बसली की त्या एका दिशेला लागतात, ओढ सुटली की पुन्हा गुंततात. हे परत गुंतणं सावकाश झालं तर नक्षीची रेघ फुटते. पातळ होणंच कमी पडलं तर पेस्ट नीट पसरत नाही आणि रंगात जाळीच्या खुणा राहतात. म्हणून ‘घट्टपणा अमुक इतका’ असा एकच आकडा सांगून भागत नाही. कोणत्या वेगाने ढवळताना मोजला, हे सांगितलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

जुन्या छपाईत डिंकात बदल करण्याची गरजच पडली नव्हती. कच्छमधले अजरखचे कारागीर काळ्या रंगासाठी लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबत ठेवतात आणि त्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून ते दाट करतात. पांढऱ्या राखायच्या जागांवर चुना आणि बाभळीच्या जातीचा डिंक यांचं मिश्रण छापतात. आपल्याकडे सनगर मंडळी घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याचीच खळ कुंच्याने देत आली. धावड्याचा डिंक आपण लाडवांत खातो, तोही छपाईत वापरला गेला. या पद्धतींत डिंक आणि रंग यांच्यात पक्का बंध तयार होत नव्हता. कापड वाहत्या पाण्यात आपटून धुतलं की खळ निघून जाई.

खोडातून पाझरणाऱ्या डिंकांचं मोठ्या उद्योगात फारसं पुढे गेलं नाही. कांडोळाच्या झाडापासून मिळणाऱ्या कराया डिंकावर ॲसिटिल गट असतात. त्यामुळे तो पाण्यात विरघळण्याऐवजी फुगतो आणि साठवणीत त्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. अल्कलीने ते गट काढले की तो विरघळतो, एवढा बदल पुरतो. मात्र जास्त डिंक मिळवण्यासाठी खोडावर खोल घाव घातले की झाड खचतं आणि पुरवठा बेभरवशाचा होतो. दरवर्षी शेतातून येणाऱ्या बीचं तसं नसतं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारा लोकस्ट बीनचा डिंक मिळेनासा झाला, तेव्हा पर्याय म्हणून गवारीकडे लक्ष गेलं. पुढे राजस्थानात, मुख्यतः जोधपूरच्या आसपास, या पिकावर मोठा उद्योग उभा राहिला. आज जगातल्या गवारीपैकी सुमारे 80 टक्के भारतात पिकते.

पेच खरा सुरू झाला तो 1956 साली. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसिऑन नावाने पहिले रिॲक्टिव्ह रंग बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांच्या कामातून ते निघाले होते. अल्कलीच्या सान्निध्यात हे रंग सुताच्या सेल्युलोजवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी पक्का रासायनिक बंध बांधतात. रंग चमकदार आणि धुण्याला टिकाऊ, त्यामुळे सुती छपाईचं चित्रच पालटलं. मात्र स्टार्च, गवार, चिंचोका हीसुद्धा शर्करांचीच साखळी. तिच्यावरही हायड्रॉक्सिल गट खच्चून भरलेले. रंगाला दोन्ही सारखेच. जो रंग खळीशी बांधला जातो त्यातला काही तिच्याबरोबर गटारात जातो, आणि तो विकत घेतलेला महागडा रंग असतो. ज्या रंगाच्या रेणूवर बंध बांधणाऱ्या दोन जागा असतात, तो एका हाताने खळ आणि दुसऱ्या हाताने धागा धरू शकतो. अशी खळ कितीही धुतली तरी निघत नाही. चादरीवरचं करकरीत फूल असं तयार होतं.

यातून वाट काढली ती सोडियम अल्जिनेटने. तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ ब्रिटिश रसायनतज्ज्ञ स्टॅनफर्ड यांनी 1880च्या दशकात वेगळा केला होता. त्याच्या शर्करांमध्ये सहाव्या कार्बनवर, म्हणजे एरवी सर्वांत उतावळा हायड्रॉक्सिल गट जिथे असतो तिथे, कार्बोक्सिल गट आहे. पाण्यात त्यावर ऋण प्रभार येतो. रिॲक्टिव्ह रंगांवरही सल्फोनेट गटांमुळे ऋण प्रभारच असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर ढकलतात. उरलेले दुय्यम हायड्रॉक्सिल गट तुलनेने मंद असतात. कुणीही काहीही बदल न करता निसर्गाने या एका रंगवर्गासाठी इतकी चपखल खळ दिली, की तेव्हापासून बाकी सगळ्या डिंकांची परीक्षा अल्जिनेटला शेजारी ठेवून होते. त्याच्या अडचणीही आहेत. तो महाग आहे, आणि खाद्य व औषध उद्योगांनाही तोच हवा असतो. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमने त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून हेक्झामेटाफॉस्फेट घालावं लागतं. तीव्र अल्कलीत तो टिकत नाही, त्यामुळे तशी अल्कली लागणाऱ्या व्हॅट रंगांसाठी तो बाद.

आता गवारीकडे. तिच्या बीचा मधला थर म्हणजे गॅलॅक्टोमॅनन: मॅनोजची लांब साखळी आणि साधारण दर दुसऱ्या मॅनोजवर गॅलॅक्टोजची एक शाखा. लोकस्ट बीनमध्ये ही शाखा सुमारे चार मॅनोजमागे एक असते, टाकळ्यात त्याहून विरळ. शाखा दाट असल्या की साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत. त्यामुळे गवार थंड पाण्यात फुगते, टाकळ्याला मात्र उकळी लागते. थंड पाण्यात फुगणं हा मोठा फायदा, पण नुसती गवार छपाईला अडचणीची ठरते. एक-दीड टक्क्यातच ती इतकी घट्ट होते की पेस्टमध्ये घन भाग फारच थोडा उरतो. द्रावणात न विरघळलेले बीचे कण राहतात आणि ते जाळीत अडकतात. आणि रिॲक्टिव्ह रंग तिला सोडत नाहीत.

यावरचा सर्वांत जास्त अभ्यासलेला उपाय म्हणजे कार्बोक्सिमिथाइलीकरण. गवारीचं पीठ सरळ पाण्यात घेतलं तर ढवळणीच अडकेल, म्हणून ते आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि थोडं पाणी यात तरंगत ठेवतात. दाणा फुगतो, विरघळत नाही. मग हळूहळू सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण सोडतात, नंतर मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिड किंवा त्याचं सोडियम लवण, आणि मिश्रण काही तास गरम ठेवतात. अल्कलीने सज्ज झालेला हायड्रॉक्सिल गट क्लोरीनला हुसकावून त्या जागी बसतो आणि साखळीवर ऋण प्रभाराचा एक गट लागतो. अल्जिनेटला जे निसर्गतः मिळालं ते गवारीला असं बाहेरून द्यायचं. मात्र पाणीही त्याच अभिकारकावर टपलेलं असतं. त्यातून सोडियम ग्लायकोलेट तयार होतं आणि मिठाचाही भरपूर अंश राहतो. शेवटी ॲसेटिक ॲसिडने उदासीन करून, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने पुन्हा पुन्हा धुतलं तरच स्वच्छ पावडर मिळते. धुणं हा या प्रक्रियेतला खर्चिक टप्पा आहे, आणि काटछाट नेमकी तिथेच होते. न धुतलेली पावडर वजनाला भरते, पण छपाईवाल्याच्या हाती पडतं ते मीठ.

किती गट लागले हे ‘प्रतिस्थापनाच्या मात्रे’ने सांगतात. प्रत्येक शर्करेवर सरासरी तीन जागा असतात, म्हणून कमाल मात्रा 3. मात्रा 0.2 म्हणजे पाच शर्करांमागे एक गट. पाण्यात चांगलं विरघळण्यासाठी एवढी थोडी मात्राही पुष्कळ फरक पाडते. रिॲक्टिव्ह रंगाला दूर ठेवायचं तर मात्र साखळी दाट भरावी लागते, आणि तिथे खर्च, मीठ आणि वाया जाणारा अभिकारक हे सगळंच चढत जातं. शिवाय ही सरासरी फसवी असते. विक्रिया दाण्याच्या बाहेरून आत जाते, त्यामुळे बाहेरच्या साखळ्यांवर गटांची गर्दी होते आणि आतल्या कोऱ्या राहतात. मात्रा तीच असलेले दोन नमुने टेबलावर अगदी वेगळे वागतात ते यामुळेच. गटांची वाटणी किती सारखी आहे, हे मोजलेलं फार थोड्या अभ्यासांत आढळतं, आणि ही मला या विषयातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरा मार्ग प्रॉपिलीन ऑक्साइडने हायड्रॉक्सिप्रॉपिल गट लावण्याचा. द्रावण स्वच्छ होतं, गाळ कमी होतो, क्षारांनी ते बिघडत नाही. पण या गटाला प्रभार नाही, उलट त्याच्या टोकाला एक नवा हायड्रॉक्सिल असतो. रिॲक्टिव्ह छपाईत याचा उपयोग बेताचाच. नायलॉन, रेशीम, लोकर यांवर आम्लरंग छापताना आणि पॉलिएस्टरवर मात्र ही गवार उत्तम काम देते. म्हणून ‘सुधारित गवार’ एवढंच लिहिलेल्या पोत्यावरून काहीही कळत नाही. कोणता गट, किती, आणि कोणत्या रंगासाठी, हे विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

ॲक्रिलोनायट्राइल वापरून सायनोइथाइल आणि ॲक्रिलामाइड वापरून कार्बामॉइलइथाइल गट लावण्याचं काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत टाकळ्याच्या डिंकावर झालं. टाकळा कोकणापासून विदर्भापर्यंत पडीक जमिनीवर आपोआप उगवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची कोवळी पानं भाजीला जातात, पुढे शेंगा वाळून बी तिथेच सांडतं. अशा फुकट बीला किंमत मिळवून देण्याचा विचार मला मनापासून पटतो. पण वरची दोन्ही अभिकारकं विषारी आहेत आणि अंतिम पावडरीत त्यांचा अंश राहिला तर तो हाताळणाऱ्या कामगाराच्या अंगाशी येतो. ॲक्रिलिक ॲसिड किंवा ॲक्रिलामाइडची साखळी डिंकावर कलम करण्याचे प्रयोग तर ढिगाने प्रसिद्ध झाले आहेत. सेरिक अमोनियम नायट्रेट किंवा परसल्फेट घालून कलम होतं, पण सोबत सुटा पॉलिमरही तयार होतो आणि तो वेगळा काढणं किलोच्या भावाने विकायच्या मालाला परवडत नाही.

सर्वांत साधा बदल काहीही न जोडण्याचा आहे: साखळी तोडायची. आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायपोक्लोराइट, मॅननेज हे विकर किंवा गॅमा किरण, यांपैकी कशानेही ती आखूड करता येते. मग तीच गवार आठ-दहा टक्के घातली तरी पेस्ट ओढता येते, घन भाग वाढतो, रेघ धारदार येते. सुरतेच्या पॉलिएस्टर साड्यांवर डिस्पर्स रंग छापताना असा माल सर्रास चालतो, कारण डिस्पर्स रंगांना हायड्रॉक्सिल गटांशी काही देणंघेणं नसतं. इथे परीक्षा वेगळीच असते. गुळगुळीत धाग्यावर खळीचा पापुद्रा वाळला की तो लवचीक राहिला पाहिजे. तडकून सुटला तर वाफेआधीच रंग गळतो. आणि साखळी फार तोडली तर टोकांची संख्या वाढते. ही टोकं क्षपणकारी असल्याने वाफेत काही ॲझो रंग त्यांच्यामुळे फिके पडतात. म्हणून पेस्ट किंचित आम्लधर्मी ठेवतात आणि वर क्षपण रोखणारं रेझिस्ट सॉल्ट घालतात.

गवारीचा एक दोष व्हॅट रंगांच्या छपाईत गुण ठरला, तो प्रकार सांगायलाच हवा. बोरॅक्सच्या संपर्कात आली की गवार किंवा लोकस्ट बीन जेलीसारखी गोठते, आणि इतर छपाईत हा त्रासच असतो. दोन टप्प्यांच्या व्हॅट छपाईत मात्र आधी रंग व खळ छापून वाळवतात, नंतर कापड अल्कली, क्षपणकारक आणि बोरॅक्स यांच्या द्रावणातून बुडवून काढतात आणि लगेच काही सेकंद वाफ देतात. ओल्या बुडवणीत नक्षी पसरू नये म्हणून खळ त्याच क्षणी गोठायला हवी असते, आणि गॅलॅक्टोमॅनन ते करतो. हायड्रॉक्सिप्रॉपिल गट भरपूर लावले असते तर हा गुण गेला असता.

चिंचोक्याची बाजू मला अधिक आशादायक वाटते. त्यातली शर्करा म्हणजे झायलोग्लुकन. तिचा कणा सेल्युलोजसारखाच, त्यावर झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या शाखा. खळ म्हणून चिंचोक्याच्या पिठाचा शास्त्रीय अभ्यास डेहराडूनलाच 1940च्या दशकात झाला आणि ताग व सुताच्या खळीसाठी ते गिरण्यांत गेलं. कच्च्या पिठाच्या अडचणी ठरलेल्या: शिजवावं लागतं, टरफलाच्या टॅनिनने तपकिरी छटा येते, प्रथिनं आणि तेल यांमुळे ते खवट होतं आणि कुजतं. थोडंसं कार्बोक्सिमिथाइलीकरण केलं की ते थंड पाण्यात विरघळतं, आणि पॉलिएस्टर छपाईत ते आज नियमित वापरात आहे. नगर-बार्शीकडे चिंच फोडण्याच्या हंगामात चिंचोके गोळा होतातच, त्यासाठी वेगळी जमीन किंवा पाणी लागत नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत राजगिऱ्याच्या स्टार्चवरही काम झालं. त्याचे कण अतिशय बारीक असतात, त्यामुळे त्याकडे वळणं स्वाभाविक होतं. पण उपासाच्या धान्याच्या भावात खळ बनवणं कुणाला परवडेल, हा प्रश्न उरतोच.

भावाचा प्रश्न गवारीने सगळ्यांना शिकवला. अमेरिकेत खडकांतून वायू काढण्यासाठी गवारगमची मागणी एकाएकी वाढली आणि 2011-12 मध्ये भाव कैक पटींनी चढले. मार्च 2012 मध्ये वायदेबाजारातले व्यवहार थांबवावे लागले, ते 2013 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. त्या काळात छपाईवाल्यांपुढे चिंचोका, स्टार्च किंवा कृत्रिम पॉलिॲक्रिलेट हेच पर्याय होते. शुद्धतेचा धक्का त्याआधीच बसला होता. 2007 साली युरोपात भारतातून गेलेल्या गवारगममध्ये पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायॉक्सिन आढळलं. पेंटाक्लोरोफिनॉल हे बुरशीनाशक निर्यातीच्या कापडातही चालत नाही, त्यामुळे खळ कशाने टिकवली हे विचारणं छपाईवाल्यालाही भाग पडलं.

सांडपाण्याचा हिशोब यापुढे टाळता येणार नाही. इचलकरंजीला पंचगंगा, पालीला बांडी, बालोतऱ्याला लुनी, जेतपूरला भादर: कापड रंगवणाऱ्या गावांच्या नद्या काय सोसतात हे तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही. धुण्यात निघालेली खळ जीवाणू खातात आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. नुसत्या स्टार्चचा हा भार मोठा असतो. साखळीवर जितके जास्त गट लावावेत तितकं जीवाणूंना ती पचवणं कठीण जातं. मग पाच दिवसांच्या चाचणीतली जैविक प्राणवायूची मागणी कमी दिसते आणि पदार्थ ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून मिरवतो, पण रासायनिक मागणी जवळपास तितकीच राहते, म्हणजे तो पदार्थ पाण्यात तसाच पुढे वाहत जातो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिल्याशिवाय कुणी अशा दाव्यावर विश्वास ठेवू नये.

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. या विषयावरचे निबंध चाळले तर साचा एकच दिसतो: एक नवा डिंक घ्यायचा, त्यावर एक गट लावायचा, छपाई करायची, रंगाची गडदता मोजायची आणि ती अल्जिनेटच्या जवळ आली की थांबायचं. भारतातलं काम असो की कैरोच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातलं, जिथे स्टार्च आणि डिंकांवर दशकानुदशकं चिकाटीने संशोधन झालं आहे, गडदतेच्या आकड्याला मिळणारं वजन सारखंच. धुतल्यावर कापडात किती खळ राहिली, पावडरीत किती मीठ होतं, पुढच्या हंगामाच्या बीपासून केलेला माल तसाच वागला का, हे मोजणं तितकंच सोपं आहे आणि छपाईवाल्याला तेच हवं असतं. सगळ्या डिंकांना अल्जिनेट बनवण्याचा हट्ट सोडावा असं मला वाटतं. पॉलिएस्टरला तोडलेली गवार किंवा हलका बदल केलेला चिंचोका, व्हॅटला गोठणारी गवार, आणि रिॲक्टिव्हसाठी अल्जिनेटमध्ये मिसळायला दाट गट लावलेला, नीट धुतलेला माल. रंग ठरवेल तेवढाच बदल करावा, कारण वरचा प्रत्येक गट कुणाच्या तरी खिशातून आणि कुठल्या तरी नदीतून वसूल होतो.

डिंकाऐवजी कृत्रिम पर्यायाकडे वळूनही हा प्रश्न सुटत नाही. पॉलिॲक्रिलेट थोड्या प्रमाणात पुरतं आणि लगेच तयार होतं, म्हणून ते पसरलं, विशेषतः पिगमेंट छपाईत, जिथे पूर्वी केरोसीनचं इमल्शन चालायचं. पण क्षार लागताच ते पातळ होतं, आणि रिॲक्टिव्ह पेस्टमध्ये सोडा तर घालावाच लागतो.

आता डिजिटल छपाई वाढते आहे आणि खळीची गरज संपेल असं पुष्कळांना वाटतं. शाईत खळ नसते हे खरं, पण शाईचा थेंब कापडावर पसरू नये म्हणून कापडालाच आधी खळ, अल्कली आणि युरिया यांच्या द्रावणातून काढून वाळवावं लागतं. इथे जाळीतून ओढण्याचा प्रश्न नाही, घट्टपणा कमी चालतो, नक्षीबाहेरच्या कोऱ्या जागेलाही खळ लागते, म्हणून ती शुभ्र आणि गाळविरहित हवी. आखूड साखळीची, गाळलेली, धुतलेली गवार किंवा चिंचोका या कामाला कितपत उतरतो, याची मोजमापं सुरत आणि इचलकरंजीच्या पाण्यावर, तिथल्याच कापडावर घ्यायला हवीत, आणि ती आत्ता घ्यायला हवीत, कारण या यंत्रांबरोबर कोणती खळ वापरायची याच्या सवयी अजून पक्क्या व्हायच्या आहेत.